पांढरा अभ्रा

मामाचं सोफे-खुर्च्या दुरुस्तीचं दुकान होतं, आणि काम करताना त्याच्या तोंडात कायम बारीक खिळे असायचे. मूठभर खिळे ओठांआड धरायचा, जिभेने एकेक पुढे सरकवायचा, चिमटीत घ्यायचा आणि ठोकायचा. त्यामुळे दुकानात कुणी काही विचारलं की उत्तर ठरलेलं: "हं," नाहीतर "हूं." मामी म्हणायची, "लोक तोंडात मिठाची गुळणी धरतात, आमच्या ह्यांनी खिळ्यांची धरलीय. इतकी वर्षं झाली, धड भांडायला मिळालं नाही मला." आणि खरं सांगायचं तर ते खिळे मामाच्या सोयीचेच होते. बोलायची वेळ आली आणि बोलावंसं वाटलं नाही, की घेतले तोंडात.

सगळी गल्ली त्याला मामा म्हणायची, पण हक्काची भाची एकच, भिंगरी. वय नऊ, पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून भिंगरी. मामा-मामीला मूल नव्हतं. डॉक्टर झाले, औषधं झाली, मग तो विषय दोघांनी न बोलता मिटवून टाकला. भिंगरी शाळा सुटल्यावर दुकानात यायची, तेव्हा मामी खाऊचा डबा उघडून बसलेली असायची आणि मामाच्या तोंडातले खिळे आपोआप डबीत जायचे. मामी आत स्वयंपाकाला लागली की मामा पलीकडच्या सलूनमध्ये पत्त्यांच्या डावाला घटकाभर जाऊन यायचा.

भिंगरीची आई ही मामाची धाकटी बहीण. नाव चांगलं होतं तिचं, पण मामाने लहानपणीच तिची बेडकी करून टाकली होती. घरामागे कालवा होता, आणि ही एवढीशी असताना त्यात उडी मारून सरळ पलीकडच्या काठाला निघाली होती. मामा अलीकडच्या काठावर तिच्या चपला हातात धरून बोंबलत उभा. तेव्हा आईबाप दोघंही कामावर गेलेले असायचे, आणि घरात हीच दोन पोरं. शेजारपाजारचे म्हणायचे, किती शहाणी मुलं, कुणाला त्रास नाही.

मोठी झाल्यावर बेडकीने लाँड्री काढली. नवऱ्याला दुसरीकडचा संसार गोड वाटला, तो गेला. तिने रडायचं तेवढं रडून घेतलं आणि पुन्हा वाफेची इस्त्री तापवली. आठवडाभर ती त्या वाफेत उभी असायची. केस कपाळाला चिकटलेले, हाताला कुठे ना कुठे चटका. तिच्या हातच्या शर्टाची घडी बघून मामा गिऱ्हाइकांना ऐकवायचा, "कागद कापतो बघा ह्या घडीने!" हे बोलण्यासाठी मात्र तो खिळे काढायचा.

रविवारी लाँड्री बंद. त्या दिवशी सकाळी ती तासभर पोहायला जायची. तलाव लांब नव्हता, इमारतीच्या अगदी मागे, मध्ये एक अरुंद रस्ता. सुरुवातीला भिंगरीलाही न्यायची. पण पोरीचं आणि पाण्याचं कधी जमलंच नाही. काठावर बसून "आई, झालं का? आई, आता झालं का?" करत राहायची. शेवटी भिंगरीच म्हणाली, "मी घरी थांबते. मला माझी कामं आहेत." कामं म्हणजे कागद कापून त्यांची गावं वसवणं. अख्खी खोली व्यापायची तिची गावं.

आता पोरीला एकटी ठेवायची म्हणजे काय बेडकीने वाऱ्यावर सोडली होती? छे! गॅस खालून बंद. खिडकीला गज. दार आतून लावायचं आणि आई, मामा नाहीतर मामी यांच्याशिवाय कुणालाही उघडायचं नाही. आणि मामाने करून दिलेलं यंत्र. सोफ्याची चिवट दोरी, दोन जुन्या कप्प्या आणि खिडकीबाहेर एक काठी. आतून दोरी ओढली की उशीचा पांढरा अभ्रा गजांमधून सरसर बाहेर जायचा आणि फडफडायचा. तलावाच्या खोल टोकाला वळताना बेडकीला तो बरोबर दिसायचा. पांढरा दिसला म्हणजे सगळं ठीक. काही बिनसलं तर त्याच दोरीला लाल टॉवेल. लाल टॉवेल कधी बाहेर आला नव्हता. अभ्रा मात्र तासाभरात चार-पाच वेळा तरी यायचा, कारण दोरी ओढायला भिंगरीला भारी आवडायचं. मामाने ते यंत्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं होतं. इतका खूश तो आपल्या हातच्या कुठल्या सोफ्यावरही झाला नव्हता.

मागच्या रस्त्यापलीकडे तलावाशेजारी, अगदी खिडकीसमोरच्या इमारतीत एक बाई नव्याने राहायला आल्या. वाईट नव्हत्या हो. एकट्या होत्या आणि खिडकीत बसायच्या. त्यांना काय दिसलं? दर रविवारी आई बाहेर पडते आणि गजांआडची पोर पांढरं फडकं हलवत बसते. आत जातं, पुन्हा बाहेर येतं. त्या बिचाऱ्यांच्या काळजाचं पाणी झालं. पोरगी कोंडलीय आणि मदत मागतेय, दुसरा काय अर्थ निघणार? त्यांनी बालसुरक्षा कार्यालयाला फोन लावला.

त्या रविवारी कार्यालयातून एक अधिकारी बाई आल्या. तरुण, मऊ बोलणाऱ्या. बरोबर एक पोलीस. दार वाजवलं. पुढचं सगळं भिंगरीने नंतर मामाला इतक्यांदा सांगितलं की त्याला तोंडपाठ झालं.

"घरात कोण आहे?"

"मी आहे."

"आई कुठे आहे, बाळ?"

"आई घरी नाही हे मी कुणाला सांगत नाही."

मग अधिकारी बाई म्हणाल्या, "दार उघड हं. आम्ही चांगली माणसं आहोत."

"चांगली माणसं असं म्हणत नाहीत."

पोलिसाला हसू आलं म्हणे. पण मग त्याने दारावर जोरात थाप मारली, आणि भिंगरीने पहिल्यांदाच दोरीला लाल टॉवेल बांधला.

तलावाकडच्या त्याच रस्त्यावर मामा आपल्या दुकानाच्या पायरीवर एका आरामखुर्चीची पाठ ठोकत होता. त्याने बघितलं तर बहीण रस्त्याने धावत येतेय. अंगात निळा पोहण्याचा पोशाख, डोक्याला घट्ट रबरी टोपी, पाय अनवाणी, आणि टॉवेल अंगाभोवती घ्यायचंही भान नाही, तो नुसता हातात. पाणी निथळतंय. पेपर वाचत उभे असलेले लोक वळून वळून बघताहेत. कोपऱ्यावरचा वाणी हसून म्हणाला, "मामा, तुमची बहीण ना ही?"

मामाच्या तोंडात खिळे होते. तो म्हणाला, "हूं."

हो की नाही, काही कळू नये असं ते हूं होतं. वाणी पुन्हा हसला. मग मामाला उमगलं की ती उगाच धावत नाहीये, आणि तो हातोडी टाकून तिच्यामागे पळाला. पण ते हूं त्याच्या घशात अडकलं ते अडकलंच. आपली बहीण पोरीसाठी जिवाच्या आकांताने पळतेय आणि आपल्याला तिच्या उघड्या पायांची लाज वाटली, हे त्याला स्वतःचंच सहन होईना.

वर जिन्यात बेडकी धापा टाकत अधिकारी बाईंसमोर उभी होती आणि पायाखाली पाण्याचं थारोळं. "माझ्या मुलीला काय झालंय?"

"काही नाही झालेलं," अधिकारी बाई तिच्या टोपीकडे बघत म्हणाल्या. "पण होऊ शकलं असतं."

ते 'होऊ शकलं असतं' गल्लीभर पसरलं. काय काय झालं नव्हतं ते लोकांनी होऊन गेल्यासारखं सांगायला सुरुवात केली. आग लागली असती, चोर शिरला असता, पोर घशात काही अडकून गेली असती. भिंगरीच्या मैत्रिणींच्या आया शाळेच्या फाटकाशी बेडकीला बघून गप्प व्हायला लागल्या. एकीने वाढदिवसाचं आमंत्रण मागे घेतलं. आणि प्रत्येकीचं शेवटचं वाक्य तेच: "कामाला गेली असती तर समजू शकलो असतो. पण पोहायला?"

आठ दिवसांनी अधिकारी बाई मामाच्या दुकानात आल्या. भिंगरीबाबत बालकल्याण समितीपुढे सुनावणी होती. मुलीला काही काळ दुसऱ्या घरी ठेवावं असं कार्यालयाचं मत पडलं होतं, आणि जवळचं घर मामाचंच. "तुमच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त हो म्हणायचं. आईचं जरा दुर्लक्ष होतं, आम्ही सांभाळतो, एवढंच."

"काही काळ म्हणजे?"

"वर्ष. कदाचित जास्त."

आता मामा काही दगड नव्हता. भिंगरी सकाळी उठून आपल्या घरात दात घासतेय, आपल्या टेबलावर तिची कागदी गावं पसरलीत, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि त्याला आनंदच झाला. खोटं कशाला बोला? नको नको म्हणत झाला. मामीने तर त्याच दिवशी माळ्यावरून छोटी खाट काढून पुसली. मामाने तिच्यासाठी निळी गादी शिवली. काठ दुहेरी टाक्यांचे, आयुष्यात कधी शिवली नव्हती इतकं मन लावून. दोघांपैकी एकानेही विचारलं नाही की हे आपण कुणाचं घेतोय.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी बेडकी आली. डोळे सुजलेले, पण ताठ. मामीने तिला जवळ बसवलं. "अगं, कशाला जिवाला घोर लावून घेतेस? सांग ना, औषध आणायला गेले होते म्हणून. त्या अधिकारी बाईसुद्धा परवा जाता जाता मला तेच सुचवत होत्या."

"आणि निळा पोशाख घालून औषध आणायला गेले होते का मी?"

"मग सांग, डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय. पाठीसाठी."

बेडकी थोडी हसली. मग म्हणाली, "वहिनी, घर तेच ना? दार तेच, गज तेच, तास तेवढाच. औषध आणायला गेले असते तर माझी पोरगी सुखरूप होती, आणि पोहायला गेले म्हणून तिच्या जिवाला धोका? मग त्यांना पोरीची काळजी नाहीये. मला तो तास आवडतो, हे त्यांना खुपतंय."

"अगं पण पोर जाईल ना हातची!"

"माहितेय मला." तिचा आवाज फाटला. "पण मी तिला सांगितलंय, खोटं बोलायचं नाही. उद्या तीही असणार तिथे. ती ऐकेल." मग तिची नजर पडवीतल्या निळ्या गादीवर गेली. तिने ती हाताने दाबून बघितली. "छान झालीय, दादा," एवढंच म्हणाली आणि गेली.

मामाने जेवताना तोंडात घास घेतला तो नुसता फिरवत बसला.

सुनावणीची खोली साधीच होती. लांब टेबल, पलीकडे तिघंजण. मध्ये अध्यक्षबाई, एका बाजूला निवृत्त हेडमास्तर, दुसऱ्या बाजूला एक डॉक्टर, जे सारखे घड्याळ बघत होते. अलीकडे रेक्झिनच्या खुर्च्या, शिवण उसवलेल्या. मामा बसल्या बसल्या बाहेर आलेला फोम बोटाने आत ढकलत राहिला. मागच्या बाकावर मामी आणि भिंगरी. आज भिंगरीचे पाय एका जागी होते.

आधी समोरच्या बाईंना विचारलं. त्यांनी दिसलं ते सांगितलं आणि रडवेल्या होऊन म्हणाल्या, "मी घाबरले हो. मला वाटलं, पोर कोंडलीय."

बेडकी त्यांच्याकडे वळली. "तुम्ही लक्ष दिलंत, त्याचा राग नाही मला. पण आधी मला विचारायचंत. मी समोरच राहते."

मग तिची पाळी. अध्यक्षबाईंचा आवाज कडक नव्हता. "त्या सकाळी तुम्ही कशासाठी बाहेर होतात? नीट आठवून सांगा. काही निकडीचं काम होतं का?" आणि त्यांनी अशा नजरेने बघितलं, जणू त्यांनाही एखादं निकडीचं काम हवं होतं.

"काम नव्हतं. पोहायला गेले होते."

"नेहमी जाता?"

"दर रविवारी."

हेडमास्तर पुढे वाकले. "म्हणजे मौज म्हणून?"

बेडकीने एकदा मागे लेकीकडे बघितलं. "हो," ती म्हणाली. "मौज म्हणून. आठवडाभर वाफेत असते मी. तिथे पाण्यात मला कुणी हाक मारत नाही. तासभर. मग मी घरी येते, आणि मग पुढचा आठवडा मी तिचीच असते."

हेडमास्तर मागे टेकले आणि डॉक्टरांकडे बघून भुवया उडवल्या. अधिकारी बाईंनी मान खाली घातली. मामाला कळलं, ही बाजी गेली. आणि त्याच क्षणी, बरं का, त्याचा ऊर अभिमानाने असा भरून आला की त्याला खुर्चीत बसवेना. काठावर चपला धरून उभा असलेला तो पोरगा आठवला त्याला, आणि पाणी कापत पलीकडे निघालेली ती चिमुरडी. तेव्हाही ती मागे फिरली नव्हती.

"मुलीचे मामा आपण?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "आपण सांभाळायला तयार आहात, असं कार्यालय म्हणतंय. आपल्या घरी मुलगी सुरक्षित राहील ना?"

मामा उभा राहिला. सवयीने हात खिशाकडे गेला. खिशात खिळे होतेच. त्याने हात तसाच बाहेर काढला.

"नाही," तो म्हणाला.

मागे मामीच्या बांगड्या वाजल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे असं, बाई. भिंगरी शाळा सुटल्यावर माझ्या दुकानात असते. तिथे हातभर लांब कात्री आहे. खिळे आहेत, दाभण आहे, चिकटवायच्या रसायनाचे डबे आहेत. आणि माझी बायको आत स्वयंपाकात असताना मी तिला तिथे एकटी ठेवून पलीकडे जातो. जवळजवळ रोज. अर्धा तास, कधी जास्तही."

"कुठे जाता?"

"पत्ते खेळायला. सलूनमध्ये."

कुणीतरी खुदकन हसलं. मामा हसला नाही.

"बघा, हसलात. ती पाण्यात उतरली तर सुनावणी, आणि मी पत्ते खेळलो तर हसू. मला आजवर कुणी विचारलं नाही, पोरीला सोडून कुठे गेला होतास? ह्या अधिकारी बाई दुकानात आल्या, ती कात्री बाजूला सारून बसल्या आणि म्हणाल्या, तुमच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. माझ्या कात्रीपाशी गज नाहीत. माझ्या दुकानातून लाल टॉवेल बाहेर काढता येत नाही. पोरीला कुणी दार उघड म्हटलं तर उघडू नये हे मी शिकवलेलं नाही, हिने शिकवलंय. आणि लाल टॉवेल दिसल्यावर ही कशी आली ते सगळ्या गल्लीने बघितलंय. मला कुणी तसा टॉवेल दाखवला असता तर मी आधी हातातला डाव संपवला असता."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "हे सांगून तुम्ही काय करताय, कळतंय का तुम्हाला? आता आम्हाला मुलगी तुमच्याकडे देता येणार नाही. आजही नाही आणि पुढेही नाही."

"कळतंय," मामा म्हणाला. आवाज दगा द्यायला लागला होता, पण त्याने रेटला. "आम्हाला मूल नाही, बाई. ती आली असती तर आम्हाला हवंच होतं. तिच्यासाठी गादी शिवून ठेवलीय मी. पण ती गादी बाजूला ठेवा. आई आहे तिला. तुमच्या-माझ्यापेक्षा धडधडीत आई आहे."

"मग मुलीला पाठवायचं कुठे आम्ही?"

"जिथून ती दोरी ओढते, तिथेच."

तिघांनी डोकी एकत्र केली. बराच वेळ कुजबुज चालली. डॉक्टर घड्याळ बघायचं विसरले होते. शेवटी अध्यक्षबाईंनी सांगितलं की मुलगी आईकडेच राहील. पण आईला सक्त ताकीद, कार्यालयाचं माणूस अधूनमधून घरी येऊन बघून जाईल, आणि मुलगी बारा वर्षांची होईपर्यंत आई बाहेर असताना घरात मोठं माणूस हवंच. बेडकीने ओठ आवळले. चूक केली नसताना ताकीद घ्यायची म्हणजे काय असतं ते तिच्या मानेवरून दिसत होतं. पण भिंगरी धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली होती, आणि तिने मान हलवली.

"रविवारचं मोठं माणूस कोण?" हेडमास्तरांनी विचारलं.

"मी बसेन," मागून मामी उभी राहिली. डोळे लाल, पण पदर खोचलेला. "आणि मी पत्ते खेळत नाही."

घरी येईपर्यंत मामी मामाशी एक शब्द बोलली नाही. तो जरा मागे मागेच चालत होता. दाराशी आल्यावर ती थांबली. "आज चांगलं कडकडून भांडायचं होतं तुमच्याशी," ती म्हणाली. "सबंध रस्ताभर शब्द जमवत आले. पण एकही उपयोगी पडेना." आणि तिने त्याच्या सदऱ्याच्या खिशातले खिळे काढून घेतले, उगाच. मग आत जाऊन निळी गादी गुंडाळली आणि रविवारी बरोबर न्यायला दाराशी ठेवली.

रविवार आला. मामाने दुकान उघडलंच नाही. तो तलावावर गेला, लोखंडी कठड्याला टेकून उभा राहिला. इतक्या वर्षांत तो इथे कधी आला नव्हता. काठावर दोन-चार ओळखीचे चेहरे होते, कोपऱ्यावरचा वाणीही नातवाला घेऊन आला होता. निळ्या पोशाखातली बेडकी कुणाकडे न बघता आली, टोपी ओढली आणि उडी घेतली. पाणी दुभंगलं ते सरळ पलीकडच्या काठापर्यंत.

वर तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत मामी दिसत होती. तिच्यापुढे भिंगरीचं डोकं. दोघींची काहीतरी वादावादी चालली होती, बहुतेक दोरी कोणी ओढायची यावर. मग कप्पी कुरकुरली आणि पांढरा अभ्रा सरसर बाहेर आला. खोल टोकाला वळताना बेडकीने तो बघितला, पाण्यातूनच हात उंच केला आणि परत फिरली.

वाण्याच्या शेजारी उभा असलेला एक पाहुणा माणूस म्हणाला, "काय सपासप पोहते हो बाई! कोण आहे ही?"

वाण्याने मामाकडे बघितलं. मामाचं तोंड रिकामं होतं.

"माझी बहीण," मामा इतक्या मोठ्याने म्हणाला की पलीकडच्या काठावरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली.